एका बाकाची दोन बिऱ्हाडे

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि सध्या मी दोन गावांत राहतो.

तुम्ही म्हणाल, म्हातारा बाक, वयोमानाने बरळत असेल. तसे नाही. माझी लिहायची फळी एका गावात आहे आणि बसायची फळी दुसऱ्या गावात. थोडक्यात, डोके इकडे आणि बूड तिकडे. माणसाचे असे झाले तर केवढा गहजब होईल! माझे झाले तेव्हा एका मुलीचे भले झाले, म्हणून मी तक्रार करत नाही. फक्त सगळे पहिल्यापासून सांगतो.

एका सुताराने एका शाळेसाठी पुष्कळ बाक केले, त्यांतला मी शेवटचा. शेंडेफळ म्हणून लाड होतील असे मला वाटले होते. पण संध्याकाळ झाली होती, सुताराला घरी जायची घाई होती, आणि माझ्या बसायच्या फळीतल्या एका खिळ्याचे डोके तसेच वर राहून गेले. "उद्या ठोकू," सुतार म्हणाला. मित्रांनो, तो उद्या अजून उजाडायचा आहे.

शाळेत त्या खिळ्याने माझे नाव गाजवले. माझ्यावर पहिल्यांदा बसणाऱ्या प्रत्येकाचा कपडा टर्रकन फाटायचा. मग मुले एक युक्ती शिकली. बसायचे, लगेच किंचित उठायचे आणि डावीकडे सरकून पुन्हा बसायचे. ही छोटीशी उडी एकदा अंगात मुरली की जात नाही. माझ्यावर बसून शिकलेली मुले पुढे कुठल्याही गुळगुळीत खुर्चीवर बसतानासुद्धा अशीच उडी मारत असतील, आणि लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत असतील.

माझ्या लिहायच्या फळीवर मुलांनी कर्कटकाने बरोबर मधोमध एक रेघ कोरली होती. रेघेच्या अलीकडे माझे, पलीकडे तुझे. कोपर पलीकडे गेले की चिमटा. त्या रेघेवरून जेवढी भांडणे झाली तेवढ्याच मैत्र्या जमल्या. सकाळी एकमेकांचे तोंड न पाहण्याची शपथ घेणारी जोडी मधल्या सुट्टीत एकाच डब्यातून खायची. मी दोन्हीकडचे ऐकून घ्यायचो आणि बाजू कोणाचीच घ्यायचो नाही.

मग शाळेत चकचकीत खुर्च्या आल्या आणि मला अडगळीच्या खोलीत टाकले. तिथे पृथ्वीचा एक फुटका गोल माझ्या शेजारी होता. सगळे जग पोटावर चिकटवलेले, पण त्या खोलीबाहेर कधी पडलेला नाही, आणि गप्पा मात्र समुद्रापलीकडच्या. त्याच्या बढाया ऐकत मी पुष्कळ वर्षे धूळ खाल्ली. शेवटी आमची रवानगी भंगारच्या दुकानात झाली. आता आपले सरपण होणार, अशी मी मनाची तयारी केली. तेवढ्यात एक बाई माझ्यावर बसल्या आणि टर्रकन त्यांचा कपडा फाटला. त्या उठल्या, मागे वळून पाहिले आणि खळखळून हसल्या. "असाच बाक होता माझ्या शाळेत! हाच द्या." खिळ्याने माझे प्राण वाचवले.

या बाई म्हणजे माझ्या कहाणीतल्या मुलीची आई. मुलीचे बाबा लिफ्ट बसवणारे मिस्त्री. नवी इमारत उभी राहिली की बाबा त्या गावी जायचे आणि लिफ्ट वरखाली करायला लागली की बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी. गंमत म्हणजे यांचे स्वतःचे घर कायम वरच्या मजल्यावर आणि कायम बिनलिफ्टचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दर वेळी बाबा मला लिहायच्या फळीकडून धरून धापा टाकत जिना चढायचे आणि प्रत्येक वळणावर थांबून लिफ्टचे महत्त्व सांगायचे.

शाळांचे कसे व्हायचे, तर हे लोक पोचायचे तेव्हा वर्ष अर्धे संपलेले असायचे. "पुढच्या वर्षी या," असे शाळा सांगायची, आणि पुढच्या वर्षी हे तिसऱ्याच गावात असायचे. शेवटी आई म्हणाली, "मी शाळेत बाई होते, शिकवायचं काही विसरले नाही." तिने मला घरात आणले आणि शाळा सुरू केली. बाबांनी विचारले, "पटसंख्या किती?" आई म्हणाली, "एक." त्या दिवसापासून बाबा मुलीला पटसंख्याच म्हणू लागले.

मी मोठ्या शाळेत राहिलेला बाक, पण इतकी कडक शाळा मी पाहिली नव्हती. आई स्वयंपाकघरातून निघायची आणि दारातून बाई होऊन आत यायची. वर्ग उभा राहायचा. वर्ग म्हणजे पटसंख्या. मग हजेरी. "हजर!" ती ओरडायची. "आज गैरहजर कोण?" बाई विचारायच्या आणि वर्ग इकडेतिकडे पाहून "कोणी नाही" म्हणायचा. वर्गप्रमुख तीच होती, म्हणून वर्गातल्या तक्रारीही तिलाच कराव्या लागायच्या.

"बाई, मी मघाशी बोलत होते."

"कोणाशी?"

यावर वर्गप्रमुख शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहायची. बाईही मग फळ्याकडे वळून उगाचच काहीतरी पुसायच्या.

परीक्षा झाली की बाबा विचारायचे, "पटसंख्या, कितवी आलीस?"

"पहिली. आणि शेवटची."

हसण्यासारखेच होते सगळे आणि घरात हसतही असत. पण मित्रांनो, मी दोघांचा बाक आहे. माझ्यावर एकच मूल बसले की माझा तोल जातो, एक पाय हवेत राहतो. आणि ही मुलगी कायम डाव्याच बाजूला बसायची. पाटी, पेन्सिली, रंगाची पेटी, सगळे रेघेच्या अलीकडे कोंबायची. पलीकडे तिचे कोपर कधी चुकूनही गेले नाही.

"अगं, पसरून बस की," बाबा एकदा म्हणाले. "अख्खा बाक तुझाच आहे."

"ती जागा दुसऱ्याची आहे."

"कोणाची?"

"येईल कोणीतरी."

पण येणार कसे? आधीच्या एका गावात तिला एक मैत्रीण मिळाली होती, सशांना लेटुसची पाने खायला घालणारी. दुसऱ्या गावात जुळे भाऊ होते, त्यांतला कोण कोणता हे ती नुकतीच ओळखू लागली होती. दोन्ही वेळा ओळख झाली आणि घरात दोऱ्या, खोकी, बांधाबांध. दुसऱ्या वेळी ती इतकी रडली की तिने नियमच करून टाकला, आता ओळख करायचीच नाही. तेव्हापासून ती खिडकीत उभी राहून खाली खेळणारी मुले पाहायची आणि कोणी वर पाहिले की पडदा ओढायची. मला त्या पडद्याचा फार राग यायचा.

अशात आम्ही आणखी एका गावी आलो. घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याचे वळण इतके अरुंद की हमालांनी हात टेकले. त्यांनी मला फुटपाथवरच सुटे केले. माझ्या दोन फळ्यांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या आहेत, त्यांचे नटबोल्ट काढले की माझे आपापल्या पायांसकट दोन तुकडे होतात. नटबोल्ट बाबांच्या खिशात गेले, लिहायची फळी जिन्यात गेली आणि बसायची फळी खाली फुटपाथवर राहिली, नेमकी एका सलूनच्या दारात.

आता या सलूनवाल्या काकांची गोष्ट ऐका. गिऱ्हाइकांना बसायला बाक हवा म्हणून त्यांनी एका सुताराला सांगून ठेवले होते. सुतार रोज दारावरून जाता जाता "उद्या आणतो" म्हणायचा. सगळ्या सुतारांचा उद्या एकच असतो, हे मी जन्मापासून जाणतो. काका त्या दिवशी जेवून आले तर दारात बाक! त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "आला! अखेर सुतारानं शब्द पाळला!" म्हणत त्यांनी मला आत ओढले. हमाल खाली आले तेव्हा फुटपाथ मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी सुतार दारात आला, ओठांवर नवी सबब घेऊन. "काका, लाकूड अजून ओलं..." एवढे म्हणेपर्यंत काकांनी त्याला मिठीच मारली. सुताराने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने सबब गिळली आणि विचारले, "मग? कसा वाटला?" काकांनी त्याचे केस फुकट कापले, वर डोक्याला तेल चोळून दिले. तो खूश होऊन माझ्यावर बसला आणि टर्र झाले.

"बनवणाऱ्यालाच खिळा माहीत नव्हता?" कोपऱ्यातून आवाज आला.

ही काकांची मुलगी. सकाळी शाळेत जायची आणि दुपारी दुकानात बसायची. तिची जीभ दुकानातल्या सगळ्या कात्र्यांपेक्षा जास्त चालायची, म्हणून गिऱ्हाइके तिला कात्री म्हणत.

"नवं लाकूड आहे," सुतार म्हणाला. "बसेल हळूहळू."

"नवं? मग यावर शाई कशी सांडली?"

"रंग आहे तो," सुतार म्हणाला आणि पँटवर हात ठेवून मागे मागे सरकत निघून गेला.

इकडे तिसऱ्या मजल्यावर दुःख पसरले होते. बाबा ट्रकवाल्याला रोज फोन करून ओरडत होते आणि ट्रकवाला रोज आईची शपथ घेत होता. पटसंख्या पालथ्या बादलीवर बसून शिकत होती. माझ्या दोन फळ्यांचे आपसात काय नाते आहे ते मला सांगता येणार नाही, पण एकीला कळले की दुसरीलाही कळते. मी खाली होतो आणि वरही होतो. ओरडून सांगावेसे वाटे, अरे, मी खालीच आहे! पण लाकडाला तोंड नसते, खिळा असतो.

आणि बाबांचे काय सांगू? दर रविवारी ते दाढी करायला त्याच सलूनमध्ये येत आणि माझ्यावरच बसत. घरी ते माझ्यावर कधी बसले नव्हते, विद्यार्थ्यांची जागा म्हणून मान राखत. पहिल्याच रविवारी त्यांची पँट फाटली. त्यांनी सुताराला शिव्या घातल्या, मग माझ्या फळीवर हात फिरवून उसासा टाकला. "आमचाही असाच होता हो. गेला."

मग एके दिवशी आईने पटसंख्येचे केस कापले. नेहमी तीच कापायची. पण या वेळी झुलपे अशी झाली की एक बाजू भुवईच्या वर आणि दुसरी नाकापर्यंत. "काय बाई झालं माझ्या हाताला," आई म्हणाली. "जा, खालच्या सलूनमध्ये सरळ करून घे. मी आमटीपाशी आहे, एकटीच जा."

पटसंख्या कपाळावर हात धरून खाली आली. कोणाकडेही न बघता माझ्यावर बसली, किंचित उठली, डावीकडे सरकली आणि पुन्हा बसली.

"थांब!" कात्री कोपऱ्यातून उडी मारून आली. "तू सरकलीस. सगळ्यांचं फाटतं आणि तू सरकलीस! कोण आहेस तू?"

इतक्या महिन्यांत तिला परक्या माणसाने प्रश्न विचारला नव्हता. पटसंख्या ताडकन उभी राहिली आणि तिने तिला येत असलेले एकमेव उत्तर दिले. "हजर!"

कात्री पोट धरून हसली. पटसंख्या लाजेने लाल झाली, पण पळाली नाही. तिने खाली वाकून फळीवरच्या शाईच्या डागाला बोट लावले. "हा आमचा बाक आहे," ती हळूच म्हणाली. "अर्धा."

"मला वाटलंच होतं! बा..." कात्रीने वडिलांना हाक मारायला तोंड उघडले. पटसंख्येने तिचा हात घट्ट धरला.

"नको सांगू. बाक वर गेला तर मला खाली यायला कारणच राहणार नाही."

कात्री गप्प झाली. दुकानातल्या गिऱ्हाइकाने चमकून मान वळवली, कारण असे पूर्वी कधी झाले नव्हते. मग ती म्हणाली, "असं कर. तू रोज खाली ये आणि बाक शोध. मी मदत करते."

असा माझा शोध सुरू झाला. माझ्यावरच बसून, पाय हलवत, दोघी मला रोज दुपारी शोधायच्या. "सापडला का गं?" आई विचारायची. "अजून नाही," पटसंख्या म्हणायची. "शोधा, नीट शोधा, घाई नको," आई म्हणायची.

काही दिवसांनी कात्री शोधासाठी तिसऱ्या मजल्यावरही आली. येताना स्वतःची बादली घेऊन आली. दोन बादल्यांवर दोघी माझ्या फळीपाशी बसल्या, आणि कात्रीने बसल्या बसल्या दोन्ही कोपरे पसरली.

"हद्द!" पटसंख्या किंचाळली आणि तिने चिमटा काढला. कात्रीने उलट चिमटा काढला. मग पेन्सिल फेकली गेली, वेणी ओढली गेली, "तुझ्याशी कट्टी" झाली. बाई धावत आल्या तर वर्गप्रमुखाच्या डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बाई," ती म्हणाली, "मी बोलत होते. हिच्याशी."

पुढच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा पटसंख्या जिन्यापर्यंत धावत गेली. बाबा कामावरून येत होते. "बाबा, मी दुसरी आले! बाबा, दुसरी!" बाबांना धाप लागली होती, तरी त्यांनी तिला उचलून घेतले.

पण मित्रांनो, लिफ्टचे काम थांबत नव्हते. रोज संध्याकाळी बाबा कौतुकाने सांगायचे, आज मोटार बसली, आज दोर चढले. ते ऐकून पटसंख्या ताट बाजूला सारायची. "बाबा, घाई कसली आहे?" ती म्हणायची. "जिने चढलेले तब्येतीला चांगले." कात्रीला हे कळले तेव्हा तिने लोकांना लिफ्टविरुद्ध भडकवून पाहिले. गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लागलेला असला की ते कोणाच्याही म्हणण्याला होकार देते, त्यामुळे पाठिंबा पुष्कळ मिळाला, उपयोग काही झाला नाही. एक दिवस बाबा म्हणाले, "आज लिफ्ट वर गेली, आणि खालीही आली."  दुसऱ्या दिवशी सकाळी घरात खोकी आली.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा शेवटची दाढी करायला सलूनमध्ये आले. सुतार आधीच खुर्चीत होता, तोंडभर फेस. दोघी माझ्या एका टोकाला हातात हात घालून बसल्या होत्या. बाबा बसले. टर्र. "काय वैताग आहे!" बाबा ओरडले. "माझ्या मुलीचे फ्रॉक सुरुवातीला अगदी असेच फाटा..."

ते थांबले. उठले. दोघींना उठवून त्यांनी मला उलटे केले. प्रत्येक सामानावर हलवाहलवीत ओळखायला बाबा लाल रंगाचा ठिपका देतात. तो ठिपका तिथे होता.

"सापडला!" बाबांनी आरोळी ठोकली. "अगं, खाली ये, बाक सापडला!"

आई खाली आली. कोणालाच आनंद झालेला दिसेना. पटसंख्येने मान खाली घातली. "मला माहीत होतं, बाबा."

"मलाही," कात्री म्हणाली.

"मला तर पहिल्याच दिवशी दिसला," आई म्हणाली. "दूध आणायला आले होते. उचलून नेणारच होते, तेवढ्यात ही पोरगी दिसली कोपऱ्यात बडबडताना. म्हटलं, राहू दे इथेच." मग ती मुलीकडे वळली. "इतकी वर्षं तुझे केस कापते आहे मी. तिरके कापायला किती कष्ट पडले, कल्पना आहे?"

"मलाही माहीत होतं," फेसातून सुतार म्हणाला. काकांचा वस्तरा हवेतच थांबला. त्याची अर्धी दाढी तशीच ठेवून ते बाजूला झाले.

"म्हणजे काय," बाबा म्हणाले, "फक्त मलाच माहीत नव्हतं?"

काकांना फार ओशाळल्यासारखे झाले. त्यांनी मला पुसले आणि स्वतः उचलून दाराशी नेले. "घेऊन जा ताई. तुमची वस्तू तुमच्या घरी."

"नको," पटसंख्या म्हणाली. तिचा आवाज हजेरीला यायचा तसा मोठा होता. "हा इथेच राहू दे. वरची फळी मी नेते. पूर्ण बाक नेला तर तो नुसता बाक होईल. अर्धा नेला तर जोडायला यावंच लागेल."

कात्री रडायला लागली. बाबांनी खिशातून नटबोल्ट काढले. बोल्ट त्यांनी आपल्या मुलीला दिले आणि नट कात्रीच्या मुठीत ठेवले. मी पुष्कळ शाळा सुटताना पाहिल्या आहेत, पण त्या दिवशी माझ्या जुन्या लाकडालाही गहिवरून आले.

नव्या गावी घर चौथ्या मजल्यावर मिळाले. बाबा मला घेऊन दमत दमत वर पोचले तेव्हा पटसंख्या म्हणाली, "आत नको. इथेच जिन्यापाशी ठेवा." तिने बादली पालथी घातली आणि ती रेघेच्या डाव्या बाजूला बसली. पडदा ओढायला तिथे खिडकीच नव्हती. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून एक मुलगा उतरला. तो थांबला.

"या बाकाचं बूड कुठे आहे?"

"माझ्या मैत्रिणीकडे," पटसंख्या म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले. तिला ते इतके आवडले की तिने पुन्हा म्हटले. "माझ्या मैत्रिणीकडे आहे. ही बाजू रिकामी आहे. बादली असेल तर बस. पण कोपर रेघेपलीकडे आलं तर चिमटा."

मुलगा धावत वर गेला आणि पाणी गळणारी बादली घेऊन आला. आतून कोणीतरी "अरे, कपडे भिजत घातले होते त्यात!" म्हणून ओरडत होते.

गेल्या सुट्टीत पटसंख्या मला घेऊन कात्रीकडे गेली. बोल्टला नट लागले आणि मी पुष्कळ महिन्यांनी सबंध झालो. दोघी एकदम बसल्या, एकदम उठल्या, एकदम डावीकडे सरकल्या. माझे चारही पाय जमिनीला टेकले.

सुतारही आला होता. झाल्या प्रकाराची लाज वाटून त्याने चक्क हातोडा आणला होता, माझा खिळा ठोकायला. कात्री त्याच्या आडवी उभी राहिली. "खबरदार! आमचे कोण, परके कोण, ते मग ओळखायचं कसं?" सुट्टी संपली आणि माझी पुन्हा दोन बिऱ्हाडे झाली.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे तुम्हाला शेवटी उपदेश करतात. जुन्या वस्तू जपा, लाकडावर नावे कोरू नका वगैरे. ते खरेच आहे, पण मला सांगायचे आहे ते एवढेच, की तुमच्या शेजारची जागा रिकामी असेल तर जरा सरकून बसा आणि दाराशी घुटमळणाऱ्याला "ये" म्हणा. तो कदाचित उद्या दुसऱ्या गावी जाईल. तरी म्हणा.

आणि माझा खिळा ठोकायला कोणी हातोडा घेऊन आलाच, तर त्याला माझ्यातर्फे सांगा, उद्या.